तडतडीच्या आधी

मूल रडलं. ड्रमच्या आत, फिरणाऱ्या कॉफीच्या बियांच्या सरसरीखाली कुठेतरी, आधी नुसतं कुरकुरल्यासारखं, मग श्वास ओढून क्षणभर थांबल्यासारखं, आणि मग गळा मोकळा सोडल्यासारखं. तिचाच मुलगा. लाखात ओळखू येईल असा त्याचा सूर. ती वळली. नुसती मान नाही, अख्खी वळली, नमुना काढायचा लांब चमचा हातात तसाच धरून, आणि दाराच्या दिशेने चालायलाही लागली. दारापलीकडे पोत्यांची थप्पी होती, थप्पीपलीकडे पॅकिंगचं टेबल, टेबलापलीकडे रस्ता, आणि त्या रस्त्याने खूप पुढे, बस बदलून जावं लागे इतक्या पुढे, तिचं घर. तिचा मुलगा या वेळी आजीच्या मांडीवर डाराडूर झोपलेला असतो हे तिला ठाऊक होतं. ठाऊक असून पाय चालत होते. पायांना कोण सांगणार? मागे ड्रममध्ये बियांची तडतड सुरू झाली असणार ती तेव्हाच. असणार म्हणायचं, कारण ती तिने ऐकलीच नाही. ती भानावर आली ती धुराने. पांढरट, गोडसर वाफेच्या जागी निळा, घशाला धरणारा धूर आला होता, आणि कॅप्टन तिला कोपराने बाजूला सारून दांडा खाली ओढत होती. ड्रमचं तोंड उघडलं. गार करायच्या परातीत बिया पडल्या त्या काळ्या, तेलाने चकाकणाऱ्या, पावसाळ्यातल्या भुंग्यांसारख्या.

"कुठे गेली होतीस?" कॅप्टनने विचारलं.

"इथेच होते."

"पाय दारात होते, ते मी पाहिलं. मी डोक्याचं विचारतेय."

कॅप्टन म्हणजे या भट्टीची मालकीण. केस पिकलेले, बाह्या कायम दुमडलेल्या, आणि कपाळावर चष्मा, जो ती दिवसातून दहादा शोधायची. कॅप्टन हे नाव पॅकिंगवाल्याने पाडलं होतं आणि ते तिला इतकं चपखल बसलं होतं की आता दारावर माल घेऊन येणारे ड्रायव्हरही कॅप्टन आहे का म्हणून विचारत. ती ओरडायची नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं समोरच्याला वाटावं अशा आवाजात बोलायची. आत्ताही तिने परातीतली एक काळी बी उचलली, बोटांत चुरली, आणि म्हणाली, "चल. पाणी ठेव."

ही तिथली रीत होती. जो जाळेल तो पिईल. जळका माल फेकायचा, पण त्याआधी त्यातली मूठभर दळून, कॉफी करून, जाळणाऱ्याने सगळ्यांसमोर उभ्याने ती संपवायची. साखर नाही, दूध नाही, तोंड वाकडं करायचं नाही. पॅकिंगवाला चिकटपट्टीचं रीळ खाली ठेवून मुद्दाम बघायला आला.

"या, वहिनी, या. आमच्या जातीत स्वागत आहे."

"वहिनी नका म्हणू हो इथे."

"बरं, ताई. मी आलो तेव्हा एवढं जाळलंय ना, ढेकर यायची ती निखाऱ्यासारखी. बायको म्हणाली, जेवायला बसलात की शेकोटीला?"

"म्हणून तुम्ही पॅकिंगला?"

"म्हणून तर. कॅप्टन म्हणाली, हात चांगला आहे तुझा, फक्त विस्तवापासून लांब ठेव."

ती हसली. हसता हसता प्यायली. तिला वाटलं होतं कडू लागेल. कडू म्हणावं असंही त्यात काही शिल्लक नव्हतं. जिभेच्या मधोमध एक भोक पडल्यासारखं झालं आणि त्या भोकाच्या कडेकडेने राख. कॅप्टन ती पिऊन होईपर्यंत थांबली, कप हातातून घेतला, आणि कप विसळता विसळता, पाठ करूनच बोलली. सकाळच्या पाळीचा माणूस जाणार होता. त्याच्या जागी कोणीतरी लागणार होतं. "गुरुवारी एक घाणा एकटीने काढ. मी हात लावणार नाही. जमला तर पाळी तुझी. नाही जमला तर घरी भाजत जा. घरी छान भाजतेस तू."

मागच्या अंगणात जाऊन तिने घरी फोन लावला. "रडला का?"

"कोण? हा?" सासूबाई कुजबुजत होत्या, म्हणजे तो जवळच होता. "अगं, घोरतोय चक्क. बापावर गेलाय. तू का धापा टाकतेयस?"

"काही नाही. जिना चढले."

अंगणात जिना नव्हता. रिकाम्या पोत्यांचा ढीग होता, एक नळ होता, आणि भिंतीवर उन्हाचा एक तुकडा. ती त्या तुकड्यासमोर जरा वेळ उभी राहिली, कोणाची तरी वाट बघत असल्यासारखी.

बसमध्ये तिला खिडकी मिळाली. घरी छान भाजतेस. हे वाक्य तिने इतक्या जणांकडून ऐकलं होतं की त्यातला 'छान' झिजून गेला होता आणि 'घरी' तेवढा उरला होता. घरच्या मानाने एक नंबर, असं नवरा म्हणायचा, आणि मनापासून म्हणायचा. त्यात खोट नव्हती, खोट असती तर भांडता आलं असतं. आलेगेले वास घेऊन डोळे मिटायचे, घरी केलंस हे, खरंच? पोरगं सांभाळून? आणि मग तिच्या मांडीवरून पोराला घेऊन त्याच्याशीच बोलत बसायचे. कॉफीचा विषय तिथे संपायचा. तिला सांगायचं असायचं की या वेळी तिने आच आधी मंद ठेवून पाहिली, त्यामुळे आतला कच्चेपणा गेला, आणि शेवटी लिंबाच्या सालीसारखं काहीतरी जिभेवर राहतं, राहतं ना? पण हे कोणाला सांगायचं? ज्याला ऐकायला वेळ होता तो सव्वा वर्षाचा होता आणि त्याला दातांनी चावायला वस्तू हवी असायची.

सुरुवात त्याच्या झोपेतूनच झाली होती. तो जन्मला तेव्हा तिने नोकरी सोडली, सोडली म्हणजे थोड्या दिवसांसाठी, असं सगळे म्हणत होते, आणि मग एक दिवस दुपारी तो झोपला असताना तिला घरात इतकी शांतता ऐकू आली की ती घाबरली. त्या शांततेत काहीतरी करायला हवं होतं, ज्यात हात गुंततील आणि जे त्याच्या उठण्याआधी संपेल. कोणीतरी कच्च्या हिरव्या बियांची पुडी दिली होती. कपाटात लाह्या फोडायचं जुनं मशीन पडलं होतं. त्यात बिया टाकून ती खिडकीशी उभी राहिली. हिरव्याच्या पिवळ्या झाल्या, ओल्या गवताचा वास आला, मग वाळक्या गवताचा, मग पाव भाजल्याचा, आणि मग वास एकदम आवळला. घरात कोणी पाहुणा येऊन दारातच थबकावा तसा. आणि मग तड. तड, तड. काटक्या मोडाव्यात तशी बारीक तडतड. बी आतून फुगते आणि शिवणीवर उकलते तो आवाज. ते सुरू झालं की कॉफी झाली. त्यापुढे जायचं ते मोजून मापून. तिने त्या आवाजासाठी कान लावायला सुरुवात केली. एक कान मशीनला, एक कान आतल्या खोलीला. आणि काय व्हायचं, नेमकी तडतड सुरू व्हायच्या सुमाराला तोही चुळबुळायचा. धुराने असेल, वासाने असेल, की तिच्याच छातीतल्या धडधडीने, देव जाणे. बटण बंद, बिया चाळणीत, आणि ती आत. असं कितीदा झालं. शेवटी दोन्ही आवाज एकमेकांना बांधले गेले. तडतड जवळ आली की तिच्या कानाला रडणं ऐकू यायला लागलं, तो रडो न रडो. मग ते पंख्यातही ऐकू यायला लागलं, नळाच्या धारेत, मिक्सरमध्ये, डोक्यावरून पाणी घेताना. नळ बंद करून ती ओली उभी राहायची. काही नसायचं. एकदा नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "झोप कमी पडतेय तुझी." बरोबरच होतं ते. पण तहानेल्या माणसाला, तुला तहान लागलीय, असं सांगून पुढे निघून जावं, तसं काहीतरी झालं. परत तिने कोणाला सांगितलं नाही.

आणि भट्टीवरच्या ड्रमचा आवाज तर केवढा. तो पहिल्या दिवशीच तिच्या अंगावर आला होता. माणूस आत बसेल एवढा लोखंडी पिंप, खाली ज्योतींची रांग, मागे धूर ओढणारा पंखा. त्या गदारोळात तडतड ऐकायची म्हणजे लग्नाच्या मांडवात कोणाच्या कानातलं डूल पडलेलं ऐकायचं. शिवाय इथे ऐकून भागत नव्हतं. कॅप्टनने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "हे तुझं बटण नाही गं, बंद केलं की बंद. हे लोखंड आहे. याला सांगितलेलं उशिरा कळतं. नवऱ्याची जात." पॅकिंगवाला लांबून म्हणाला, "ऐकू येतंय बरं." कॅप्टन म्हणाली, "येऊ दे. तर, तडतड ऐकून ज्योत उतरवशील तर लोखंडाला कळेपर्यंत माल जळलेला असेल. तडतडीच्या आधी उतरवायची."

"आधी म्हणजे कधी?"

"आधी म्हणजे आधी. पावाचा वास जातो. नाकात काहीतरी आंबूस टोचतं. मग सगळं एकदम गप्प होतं. तेव्हा."

त्या गप्प होण्यात तिला तिचा मुलगा ऐकू यायचा. दरवेळी. कॅप्टनचा हात ज्योतीच्या चावीवर असायचा तोवर ते निभलं. आज चावी तिच्या हातात होती, आणि माल जळला.

पुढचे दिवस तिने जमेल तेव्हा कानांना वळण लावायचा प्रयत्न केला. घरचं मशीन रिकामंच चालू करून त्याच्याशी उभी राहिली. मुलगा पायाशी बसून झाकण आपटत होता, खिदळत होता, आणि तो समोर खिदळत असताना मशीनमध्ये तो रडत होता. दोन मुलं. एक दिसणारं, एक ऐकू येणारं. तिला हसू आलं आणि पाठोपाठ भीती वाटली. सासूबाईंनी दारातून डोकावून विचारलं, "अगं, रिकामं कशाला फिरवतेयस? विजेवर राग का तुझा?" तिने मशीन बंद केलं. दिसणारं मूल तिच्याकडे बघत होतं, आवाज कुठे गेला म्हणून.

गुरुवारी ती निघाली तेव्हा तो वाटी-चमच्याशी खेळत होता. दारात ती थोडी रेंगाळली. चपलेचा पट्टा लावला, काढला, परत लावला. "जा आता," सासूबाई म्हणाल्या, "मागे वळून बघू नकोस, उगाच तो मागे लागेल." तिने वळून बघितलं. तो चमचा वाटीत बुडवून काहीतरी अदृश्य खात होता, मन लावून. मागे लागायचं त्याच्या मनातही नव्हतं. ती जिना उतरली. रस्त्यावर शाळांची वेळ झाली होती, सगळ्या आया कोणाचा ना कोणाचा हात धरून चालल्या होत्या, आणि तिला आपल्या हाताचं काय करावं ते कळेना. शेवटी तिने तो पिशवीच्या बंदात अडकवला.

कॅप्टन बोलल्याप्रमाणे वागली. तिने बिया मोजून दिल्या, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला, आणि खिडकीशी जाऊन पाठ करून उभी राहिली. ही पाठ बघून तिला आईची पाठ आठवली. आई घरी स्वेटर विणायचं मशीन चालवायची. लांबट पट्टीवर सुयांची रांग, आणि त्यावरून इकडून तिकडे सरकवायचा दांडा, खर्रर्र, खर्रर्र. ओळी मोजायच्या असत. एक ओळ चुकली की एक बाही लांब आणि एक आखूड, आणि गिऱ्हाईक दारातून परत. ती लहान होती. उंबऱ्यात उभी राहून हाक मारायची, आई. आई गं. आई. पाठ हलायची ती फक्त दांड्याबरोबर. मग ती रडायची. आधी खरं, मग आवाज मोठा करून. खर्रर्र, खर्रर्र. ओळ संपली की आई वळायची, तिला उचलून घ्यायची, पदराने नाक पुसायची. "मशीन चालू होतं ना सोन्या, ऐकू नाही आलं." तिने ते मानलं होतं. मशीनचा आवाज मोठा, आपला लहान, ऐकू कसं येणार. इतकी वर्षं मानलं होतं, लग्न होईपर्यंत, आई जाईपर्यंत, आणि त्यानंतरही.

तिने नरसाळ्यातून बिया सोडल्या. ड्रमने त्या गिळल्या आणि आवाज जड झाला. गवत. ती चमचा ओढून नाकाशी धरत होती, परत सारत होती. वाळकं गवत. मागे पॅकिंगवाला खोके चिकटवत होता. मग तोही थांबला, बहुधा मुद्दाम. पाव. चमच्यातल्या बिया पिवळ्याच्या तांबूस झाल्या होत्या, त्यांच्या अंगावरची पापुद्र्यासारखी साल सुटायला लागली होती. पावाचा वास भरून आला, इतका की पोटात भूक उठली, आणि मग त्यातून कोणीतरी हळूच पाय मागे घेतल्यासारखा तो ओसरला. नाकात टोचलं. आवाज दबला. आणि मूल रडलं.

कुरकुरलं, श्वास ओढला, थांबलं. त्या थांबण्यात तिच्या पोटऱ्या ताठ झाल्या. मग गळा फुटला. पाय वळायला लागले होते; डाव्या पायाची टाच उचललीसुद्धा गेली होती. आणि तेव्हा, खिडकीशी उभी ती न हलणारी पाठ समोर असताना, तिला कळलं की आईला ऐकू येत होतं. प्रत्येक हाक. पहिली, दुसरी, आवाज मोठा करून रडलेली खोटी आणि त्याच्याआधीची खरी. लोखंडाचा आवाज कितीही मोठा असू दे, त्यातून हे ऐकू येतंच. हे एवढंच ऐकू येतं. आईने ते ऐकत ऐकत ओळ पुरी केली होती. मोजत. किती ओळी झाल्या असतील आयुष्यात? आणि वळल्यावर पहिलं वाक्य खोटं, दरवेळी तेच, पदराने नाक पुसता पुसता. तिला आईला हाक मारावीशी वाटली. पण हाक मारायची तर आता कोणत्या दिशेला तोंड करायचं हेच माहीत नव्हतं. तिने टाच खाली टेकवली. "ऐकतेय रे," ती म्हणाली, ओठांतल्या ओठांत, ड्रममध्ये डोकावायच्या काचेशी तोंड नेऊन, "ऐकतेय मी. रड." आणि चावी फिरवली. ज्योती निळ्या होऊन बसल्या. तो रडत राहिला. इतका वेळ तिने त्याला कधी रडू दिलं नव्हतं, खऱ्यालाही नाही. तिने ते रडणं अडवलं नाही, ढकललं नाही, फक्त त्याच्या पलीकडे कान नेला, गर्दीत ओळखीच्या माणसाच्या खांद्यावरून बघावं तसा, आणि तिथे, रडण्याच्या मागे, एक काटकी मोडली. मग दुसरी. मग सगळीकडून. तिने चमचा ओढला, रंग बघितला, परत सारला, परत ओढला. आता. दांडा खाली.

बिया परातीत कोसळल्या, मातकट तांबड्या, कोरड्या, एकसारख्या. परातीतली फावडी त्यांना गोल फिरवायला लागली. ती त्यांच्याकडे बघत होती आणि तिच्या पाठीवरून घाम उतरत होता. कॅप्टन आली. एक बी उचलली, दाताखाली फोडली, अर्धी हातावर घेऊन आतला रंग बघितला. दुसरी फोडली. परातीच्या पलीकडच्या कडेची तिसरी.

"ओठ हलत होते तुझे," ती म्हणाली. "खिडकीच्या काचेत दिसलं. कोणाशी बोलत होतीस?"

"कोणाशी नाही."

कॅप्टनने तिच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग चष्मा परत कपाळावर चढवला. "सोमवारी वेळेवर ये. सकाळी माल लवकर उतरतो."

"येते."

"म्हणजे आज प्यायला बोलावणार नाही तर आम्हाला," पॅकिंगवाला म्हणाला. "वाईट झालं. मी रुमाल घेऊन आलो होतो डोळे पुसायला."

मग ते दोघे जेवायला गेले. तिला मागे थांबायचं होतं, कारण ज्योत विझवली तरी ड्रम लगेच थांबवायचा नसतो. तापलेला असताना थांबवला तर आपल्याच वजनाने वाकतो. गार होईपर्यंत त्याला रिकामाच फिरू द्यायचा आणि कोणीतरी जवळ थांबायचं. तिने स्टूल ओढलं. नवऱ्याला फोन करावा असं वाटलं. तो अरे वा म्हणाला असता, खरंच खूश झाला असता, आणि मग मागून कोणीतरी त्याला हाक मारली असती. संध्याकाळी सांगू. सासूबाईंना सांगावं तर त्या म्हणतील, बरं झालं, तो मजेत आहे, तू कर तुझं. तो मजेत आहे. ती त्याचीच वाट बघत होती, हे तिच्या उशिरा लक्षात आलं. बिया नसलेला ड्रम वेगळा वाजत होता, पोकळ, सलग. पंखा ओढत होता. सगळं होतं, ज्यात तो एरवी ऐकू येत असे. तिने मान कलती केली. मग स्टूल पुढे सरकवून काचेजवळ कान नेला, गालाला झळ लागेपर्यंत. नुसतं लोखंड फिरत होतं. काही म्हणत नव्हतं. तिने डोळे मिटले, पंख्यातून शोधलं, रस्त्यावरच्या गाड्यांतून शोधलं, अंगणातल्या नळाच्या ठिबकण्यातून शोधलं. कुठेच कोणी रडत नव्हतं.

आणि कोणी रडत नसताना, कोणी मागितलं नसताना, तिला पान्हा फुटला. दूध तोडून महिना झाला होता. आता काही नाही, आटलं सगळं, असं तिने स्वतःच सासूबाईंना सांगितलं होतं. आधी ती ओळखीची कळ आली, काखेपासून आत ओढल्यासारखी, मग एप्रनच्या आत कापड कोमट झालं, मग ओलं. तिने दोन्ही हात छातीशी घट्ट आवळून धरले. थांबवायला धरले की जपायला, तिला सांगता आलं नसतं. खोलीभर तिच्या कॉफीचा वास होता. पोत्यांकडे कोणी नव्हतं, टेबलाशी कोणी नव्हतं. ड्रम फिरत होता, अजून हात लावण्याइतका गार झालेला नव्हता, आणि तोवर तिला जागचं उठता येणार नव्हतं.